आपले इंग्रजी अडते कुठे?

मुलाखत देऊन आलेला मुलगा घरात शिरला की आई विचारते, "काय झाले रे?" मुलगा चप्पल काढता काढता सांगतो, "कामाचे सगळे विचारले ते येत होते. पण इंग्रजीत बोला म्हणाले आणि तोंडच उघडेना." हे उत्तर आपल्या किती घरांत ऐकू आले असेल! मुलगा आय.टी.आय. झालेला असतो, मुलगी बी.कॉम. झालेली असते. हाताला काम येते, डोक्यात हिशेब पक्का असतो. अडते ते एका भाषेपाशी.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पूर्वी इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. २००० सालापासून ते पहिलीपासून सुरू झाले. म्हणजे आज दहावी पास झालेल्या मुलाने दहा वर्षे इंग्रजीचे पुस्तक हाताळलेले असते. तरीही बोलायची वेळ आली की तो गप्प बसतो. शब्द येत नाहीत असे फार थोड्यांचे असते. चुकेल आणि लोक हसतील, ही धास्ती मोठी असते.

म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्या मुलांच्या इंग्रजीतल्या बहुतेक चुका अडाणीपणाच्या नसतात. मूल मनात मराठी वाक्य तयार करते आणि एकेका शब्दाला इंग्रजी शब्द लावत जाते. मराठीचा नियम ते बरोबर पाळते, फक्त तो नियम इंग्रजीला चालत नाही. या दोन भाषांच्या वाटा नेमक्या कुठे फुटतात ते एकदा कळले की निम्म्या चुका आपोआप कमी होतात. अशा काही जागा आज पाहू. इंग्रजी वाक्येही मुद्दाम आपल्याच लिपीत छापली आहेत. ज्या आईवडिलांना इंग्रजी अक्षरे वाचता येत नाहीत त्यांनाही ती मुलांबरोबर मोठ्याने म्हणता यावीत, हा हेतू.

'अ', 'ॲन' आणि 'द'

'माझी आई नर्स आहे' हे मराठी वाक्य पूर्ण आहे. त्याचे आपण 'माय मदर इज नर्स' करतो आणि तिथे चुकतो. इंग्रजीत एकट्या वस्तूचे किंवा व्यक्तीचे नाव असे उघडे ठेवत नाहीत. 'माय मदर इज अ नर्स' म्हणावे लागते. 'माय ब्रदर इज अ ड्रायव्हर', 'आय ॲम अ फिटर'. मराठीत इथे 'एक' म्हणत नाहीत, म्हणून हा 'अ' आपल्या ध्यानात राहत नाही.

'अ' कधी आणि 'ॲन' कधी? पुढच्या शब्दाचे पहिले अक्षर पाहू नका, उच्चार ऐका. स्वराचा उच्चार असेल तर 'ॲन'. 'अवर' म्हणजे तास. त्याच्या स्पेलिंगमध्ये आधी 'एच' आहे, पण तो बोलत नाहीत, म्हणून 'ॲन अवर'. 'युनिव्हर्सिटी' हा शब्द 'यू' अक्षराने सुरू होतो, पण कानाला 'य' ऐकू येतो, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. त्याच न्यायाने 'अ बस', पण 'ॲन एस.टी. बस'. 'अ बी.ए.', पण 'ॲन एम.ए.'.

'द' कशासाठी? बोलणारा आणि ऐकणारा दोघांनाही कोणती वस्तू ते ठाऊक असेल तेव्हा. 'आय बॉट अ सायकल' म्हणजे एक कुठली तरी सायकल घेतली. पुढच्या वाक्यात त्याच सायकलीविषयी बोलायचे तर 'द सायकल इज ओल्ड'. खोलीत एकच दार आहे आणि दोघांना ते दिसते आहे, म्हणून 'क्लोज द डोअर'.

'पासून'चा घोटाळा

मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न म्हणजे, तुम्ही किती दिवसांपासून काम करता? आपला मुलगा उत्तर देतो, 'आय ॲम वर्किंग सिन्स फाईव्ह इयर्स.' या एका वाक्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही मराठीतून आल्या आहेत.

आपण 'पाच वर्षांपासून' म्हणतो आणि '२०१९ पासून' असेही म्हणतो. दोन्हीकडे 'पासून'च. इंग्रजी मात्र इथे दोन वेगळे शब्द वापरते. काम जिथून सुरू झाले तो क्षण सांगायचा तर 'सिन्स', म्हणजे 'सिन्स २०१९', 'सिन्स मंडे', 'सिन्स मॉर्निंग'. किती काळ लोटला ते मोजून सांगायचे तर 'फॉर', म्हणजे 'फॉर फाईव्ह इयर्स', 'फॉर टू डेज'. कॅलेंडरवर बोट ठेवता आले तर 'सिन्स', बोटांवर मोजावे लागले तर 'फॉर', अशी खूण लक्षात ठेवा.

दुसरी चूक क्रियापदाची. 'मी पाच वर्षांपासून काम करतो आहे' हा मराठीत वर्तमानकाळ आहे, म्हणून आपण 'आय ॲम वर्किंग' म्हणतो. मागे सुरू झालेले आणि अजून चालू असलेले काम सांगायला इंग्रजीत 'हॅव बीन' लागते. पूर्ण वाक्य असे: 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाईव्ह इयर्स.' किंवा 'आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स २०१९.' नोकरी शोधणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य आपली वर्षे घालून घटवून ठेवावे. ते रोज लागते.

उलटही एक चूक होते. 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' असे आपण म्हणतो. वाक्यात 'काल', 'गेल्या वर्षी', '२०१५ साली' अशी संपलेली वेळ आली की 'हॅव' काढून टाकावे. 'आय सॉ हिम यस्टरडे.' 'आय पास्ड टेन्थ इन २०१५.'

'आय ॲम हॅविंग'

'मला दोन भाऊ आहेत' याचे 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' होते. 'मला समजत नाहीये' याचे 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' होते. चालू असलेली हालचाल दाखवायला इंग्रजीत 'इंग' लावतात: चालणे, लिहिणे, धुणे, शिवणे. जवळ असणे, माहीत असणे, समजणे, आवडणे, हवे असणे या हालचाली नाहीत, त्या स्थिती आहेत. त्यांना सहसा 'इंग' लागत नाही. 'आय हॅव टू ब्रदर्स.' 'आय डोन्ट अंडरस्टँड.' 'आय नो हिम.' 'आय वॉन्ट अ फॉर्म.'

मग 'आय ॲम हॅविंग टी' बरोबर कसे? कारण तिथे 'हॅव'चा अर्थ पिणे असा आहे, आणि पिणे ही क्रिया आहे.

एक 'एस' आणि एक 'डिड'

मराठीत 'तो जातो, ती जाते'. क्रियापद लिंगाप्रमाणे बदलते. इंग्रजीला लिंगाशी कर्तव्य नाही. पण 'तो', 'ती', 'ते' किंवा कोणा एकाचे नाव आले की साध्या वर्तमानकाळात क्रियापदाला 'एस' लागतो. 'आय गो', पण 'ही गोज'. 'दे वर्क', पण 'माय फादर वर्क्स'. बोलताना सर्वात जास्त गळतो तो हाच 'एस'.

दुसरी चूक 'डिड'ची. 'डिड यू वेन्ट?' असे आपण विचारतो. भूतकाळ 'डिड'मध्ये आला आहे, तो पुन्हा 'वेन्ट'मध्ये घालायची गरज नाही. 'डिड यू गो?' 'आय डिड नॉट गो.' 'डज'चेही तसेच. 'डज ही वर्क्स?' नव्हे, 'डज ही वर्क?' एका वाक्यात काळाचे ओझे एकानेच वाहायचे.

'ला', 'वर', 'शी'

मराठीत विभक्तीचे प्रत्यय नावाला चिकटतात. इंग्रजीत ते काम सुटे शब्द करतात, आणि कुठे कोणता शब्द येईल ते मराठीवरून ठरत नाही. हे एकेक करून पाठच करावे लागते. नेहमी चुकणारे एवढे पाहा.

'त्याला विचारले' म्हणून आपण 'आय आस्क्ड टू हिम' म्हणतो. बरोबर आहे 'आय आस्क्ड हिम'. 'मला सांगितले' याचे 'ही टोल्ड मी'. इथे 'टू' नको. पण 'मला समजावून सांगा' म्हणताना 'एक्सप्लेन मी' चालत नाही, तिथे 'एक्सप्लेन इट टू मी' हवे.

'माझ्यावर रागावला' म्हणून 'अँग्री ऑन मी' म्हणू नये, 'अँग्री विथ मी' म्हणावे. 'माझ्यावर हसले' याला 'लाफ्ड ॲट मी'. 'तिच्याशी लग्न झाले' याला 'मॅरीड विथ हर' नव्हे, 'मॅरीड टू हर'. 'गणितात हुशार' याला 'गुड ॲट मॅथ्स'. 'माझ्यापेक्षा सीनियर' याला 'सीनियर टू मी', तिथे 'दॅन' येत नाही. 'गाणी ऐकणे' याला 'लिसन टू साँग्ज'.

'विषयी चर्चा' आपल्या तोंडी असते, म्हणून 'डिस्कस अबाऊट' होते. 'डिस्कस'च्या पोटातच 'विषयी' आहे. 'वी डिस्कस्ड द प्रॉब्लेम' एवढे पुरे. 'रिटर्न बॅक' आणि 'रिप्लाय बॅक' यांतला 'बॅक'ही असाच फुकटचा.

एक की अनेक?

'केस' मराठीत अनेकवचनी, म्हणून 'माय हेअर्स आर लाँग'. इंग्रजीत डोक्यावरच्या सगळ्या केसांना मिळून 'हेअर' म्हणतात: 'माय हेअर इज लाँग'. 'फर्निचर', 'लगेज', 'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस' यांनाही 'एस' लागत नाही. एक सल्ला म्हणायचा तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस'. याच्या उलट आपली एक कात्री, एक चष्मा आणि एक विजार इंग्रजीत अनेकवचनी होतात: 'सिझर्स', 'ग्लासेस', 'ट्राउझर्स'. दोन पाती, दोन भिंगा, दोन पाय, म्हणून.

'माझा एक मित्र' याचे 'वन ऑफ माय फ्रेंड' होते. 'मित्रांपैकी एक' असा अर्थ असल्याने 'वन ऑफ माय फ्रेंड्स' हवे.

प्रश्न विचारताना

'तू कुठे जातो आहेस?' या मराठी प्रश्नात शब्द जागा बदलत नाहीत. म्हणून 'व्हेअर यू आर गोइंग?' असे तोंडातून येते. इंग्रजी प्रश्नात मदतीचे क्रियापद कर्त्याच्या पुढे उडी मारते. 'व्हेअर आर यू गोइंग?' 'व्हॉट इज युवर नेम?'

गंमत अशी की हा नियम पाठ झाला की मुले तो नको तिथेही लावतात. 'कृपया ऑफिस कुठे आहे ते सांगा' याचे 'प्लीज टेल मी व्हेअर इज द ऑफिस' होते. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की उडी बंद. 'प्लीज टेल मी व्हेअर द ऑफिस इज.'

शेवटी जोडायचा 'ना?' हाही असाच. मराठीत एक 'ना' सगळीकडे चालतो, म्हणून आपण एकच 'इजन्ट इट?' सगळीकडे लावतो. इंग्रजीत तो वाक्याप्रमाणे बदलतो: 'यू आर कमिंग, आरन्ट यू?' 'ही वर्क्स हिअर, डझन्ट ही?'

'हो' म्हणावे की 'नाही'?

ही जागा सर्वात फसवी आहे, आणि इथे व्याकरणापेक्षा जास्त नुकसान होते. साहेबाने विचारले, 'हॅवन्ट यू ब्रॉट द सर्टिफिकेट?' म्हणजे दाखला आणला नाही का? मराठीत आपण म्हणू, 'हो साहेब, नाही आणला.' समोरचा जे म्हणाला ते खरे आहे, असे त्या 'हो'ने आपण मान्य करतो. त्याच सवयीने मुलगा 'येस' म्हणतो. साहेबाचा समज होतो की दाखला आणला आहे. मग दाखला मागितल्यावर मिळत नाही आणि मुलगा खोटा ठरतो.

इंग्रजीत प्रश्न कसाही विचारला तरी उत्तर वस्तुस्थितीवर द्यायचे. दाखला आहे, तर 'येस, आय हॅव'. नाही, तर 'नो, आय हॅवन्ट'. प्रश्नात नकार होता की नव्हता हे विसरून जायचे.

असाच आणखी एक प्रश्न: 'डू यू माइंड वेटिंग?' शब्दशः अर्थ, थांबायला तुमची हरकत आहे का? आपण अदबीने 'येस सर' म्हणतो, आणि त्याचा अर्थ 'हो, हरकत आहे' असा होतो. इथे 'नो, नॉट ॲट ऑल' म्हणायचे. शंका वाटली तर नुसते 'येस', 'नो' न म्हणता पूर्ण वाक्य बोलावे. 'आय कॅन वेट.' मग गैरसमजाला जागाच राहत नाही.

'च', 'पण' आणि जोडीचे शब्द

'मी इथेच राहतो' याचे 'आय लिव्ह हिअर ओन्ली' करतात. मराठीतला 'च' इंग्रजीत बहुधा शब्दाने सांगत नाहीत, आवाजाचा जोर देऊन सांगतात. 'आय लिव्ह हिअर' म्हणताना 'हिअर'वर जोर द्यायचा, बस्स.

'हळू हळू चाल' याचे 'वॉक स्लोली स्लोली', 'गरम गरम चहा'चे 'हॉट हॉट टी' होते. मराठीला शब्द दोनदा म्हणायला आवडते, इंग्रजीला सहसा एकदाच पुरतो. 'खूप छान' याला 'टू गुड' म्हणू नये, 'व्हेरी गुड' म्हणावे. 'टू' म्हणजे नको इतके. 'द टी इज टू हॉट' म्हणजे पिता येणार नाही इतका गरम.

'जरी... तरी' ही आपली जोडी. त्यामुळे 'ऑल्दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट' असे वाक्य होते. इंग्रजीत जोडीतला एकच शब्द ठेवावा. 'ऑल्दो ही इज पुअर, ही इज ऑनेस्ट' किंवा 'ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट'. (गरिबी आणि प्रामाणिकपणा एकमेकांविरुद्ध का असावेत, हा प्रश्न पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांना विचारायला हवा. ती गोष्ट वेगळी.)

आदर कुठे ठेवायचा?

मराठीत 'तू', 'तुम्ही', 'आपण' असे तीन दर्जे आहेत. कोणाला अरे-तुरे करायचे आणि कोणाला अहो-जाहो, यात किती मानापमान भरला आहे हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. साहेबाला 'यू' आणि शिपायालाही 'यू'. त्यामुळे साहेबाला 'यू' म्हणताना जीभ अडखळू देऊ नका, त्यात उद्धटपणा काही नाही. तसेच 'साहेब आले आहेत' या आदरार्थी अनेकवचनाचे 'सर हॅव कम' करू नका. साहेब एकच आहेत, 'सर हॅज कम'. वडिलांविषयी बोलताना 'ही', आईविषयी 'शी'. तिथेही आदर कमी होत नाही.

मग आदर दाखवायचा कुठे? मराठीत तो क्रियापदात असतो. 'फॉर्म दे' आणि 'फॉर्म द्या' यांत सगळा फरक आला. 'द्या'चे इंग्रजी करताना तो आदर गळून पडतो आणि उरते 'गिव्ह मी फॉर्म'. आपण मनात 'द्या' म्हटलेले असते, समोरच्याला मात्र 'दे' ऐकू येते. माणूस नम्र असूनही उद्धट ठरतो. यासाठी तीन वाक्ये तोंडात बसवावीत: 'कुड यू प्लीज गिव्ह मी अ फॉर्म?', 'मे आय कम इन?' आणि 'कुड यू प्लीज से दॅट अगेन?' हे शेवटचे वाक्य तर सोन्यासारखे आहे. प्रश्न कळला नाही की मान खाली घालून उभे राहण्याऐवजी ते म्हणावे. पुन्हा विचारणे हा कमीपणा नाही.

शब्दाला शब्द लावू नये

वाक्प्रचार तर कोणत्याच भाषेतून उचलून दुसरीत ठेवता येत नाहीत. 'डोके खाऊ नकोस' याचे 'डोन्ट ईट माय हेड' केले तर आपल्याकडे लोक हसून समजून घेतील, परक्याला काही कळणार नाही. 'स्टॉप बॉदरिंग मी' म्हणावे.

परीक्षा आपण 'देतो', म्हणून 'आय गेव्ह ॲन एक्झाम' होते. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा 'घेतो': 'आय टुक ॲन एक्झाम'. चूक 'करतो', पण 'डिड अ मिस्टेक' नव्हे, 'मेड अ मिस्टेक'. स्वप्न 'पाहतो', पण 'आय हॅड अ ड्रीम'. दिवा 'बंद करतो', पण 'क्लोज द लाइट' नव्हे, 'स्विच ऑफ द लाइट'. 'आज सकाळी' याला 'टुडे मॉर्निंग' न म्हणता 'धिस मॉर्निंग', आणि 'काल रात्री' याला 'लास्ट नाइट'. 'इमारतीच्या मागच्या बाजूला' याचे 'बॅकसाइड ऑफ द बिल्डिंग' तर अजिबात म्हणू नये. 'बॅकसाइड' म्हणजे माणसाची बसायची जागा. 'बिहाइंड द बिल्डिंग' म्हणावे.

ओळख करून देताना 'मायसेल्फ सुनील' असे म्हणायची पद्धत पडली आहे. 'आय ॲम सुनील' किंवा 'माय नेम इज सुनील' हे बरोबर. वय सांगताना 'आय ॲम ट्वेंटी-फाईव्ह इयर्स' असे अर्धे सोडू नये, 'आय ॲम ट्वेंटी-फाईव्ह' किंवा पुढे 'इयर्स ओल्ड' म्हणावे. शिक्षण संपले याला 'आय पास्ड आऊट इन २०१८' म्हणतात. पोलीस किंवा लष्कराचे प्रशिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्या तुकडीला तो शब्द शोभतो. एरवी परदेशात त्याचा अर्थ बेशुद्ध पडलो असा घेतात. 'आय कम्प्लिटेड माय आय.टी.आय. इन २०१८' हे स्वच्छ वाक्य आहे. वडील वारले हे सांगताना 'एक्स्पायर्ड' हा शब्द आपल्याकडे सररास वापरतात. बाहेर तो औषधाला आणि लायसन्सला लावतात. 'माय फादर हॅज पास्ड अवे' म्हणावे.

नात्यांच्या बाबतीत मात्र इंग्रजी आपल्यापुढे गरीब आहे. चुलत, मामे, आते, मावस, भाऊ असो की बहीण, सगळ्यांना मिळून एकच 'कझिन'. म्हणून 'कझिन ब्रदर' म्हणायची गरज नाही, 'ही इज माय कझिन' पुरे. सख्ख्या भावाला 'रिअल ब्रदर' म्हणू नये, 'ब्रदर' म्हटले की तो सख्खाच. 'मोठा भाऊ' म्हणजे 'एल्डर ब्रदर'.

सगळेच चूक नाही

दोन शतके आपला देश इंग्रजी वापरतो आहे. तेव्हा काही शब्द आपण घडवले आहेत आणि त्यांची लाज बाळगायचे कारण नाही. बैठक अलीकडे घेणे याला भारतात 'प्रीपोन' म्हणतात. या शब्दाला ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही जागा मिळाली आहे. मराठीतला 'मुंगूस' इंग्रजीत जाऊन 'मंगूज' झाला आणि मुंबईची 'चाळ'ही त्या शब्दकोशात आहे. भाषा देवाणघेवाणीवर जगते. इंग्रजांनाही आपल्या जिभेचे शब्द घ्यावे लागले, हे मुलांना जरूर सांगा.

रजेचा अर्ज

अर्ज लिहिताना जुन्या नमुन्यांतली लांबलचक वाक्ये अजून उतरवली जातात: 'आय बेग टू स्टेट', 'युवर मोस्ट ओबीडियन्ट सर्व्हंट', 'काइंडली डू द नीडफुल'. ही साहेबी राजवटीतल्या कारकुनांची भाषा. हक्काची रजा मागताना कोणी 'बेग' करायचे कारण नाही. साधे आणि नेमके लिहावे:

'डिअर सर, आय हॅव अ फीव्हर अँड कॅनॉट कम टू वर्क. प्लीज ग्रँट मी लीव्ह फॉर टू डेज, फ्रॉम ४ जुलै टू ५ जुलै. आय विल जॉइन ऑन ६ जुलै. युवर्स फेथफुली.'

काय झाले, किती दिवस, कोणत्या तारखा, कधी परत. एवढे आले की अर्ज पुरा.

घरी काय करता येईल?

यासाठी महागड्या क्लासची फी भरलीच पाहिजे असे नाही. मुलाने रोज रात्री दिवसभरातल्या पाच गोष्टी पाच इंग्रजी वाक्यांत सांगाव्यात आणि मग त्यांचा अर्थ मराठीत सांगावा. आईला इंग्रजी येत नसेल तरी तिने समोर बसून ऐकावे. ऐकणारे कोणी आहे म्हटल्यावर जीभ सुटते. मोठ्या भावंडाने एका आठवड्यात एकच चूक पकडावी. या आठवड्यात फक्त 'एस', पुढच्या आठवड्यात फक्त 'सिन्स' आणि 'फॉर'. प्रत्येक शब्दाला टोकू नये, नाहीतर मूल बोलणेच बंद करील. वस्तीतल्या अभ्यासिकेत जमणाऱ्या मुलांनी आठवड्यातून एक तास आपसात इंग्रजीत बोलायचे ठरवावे. हसायचे नाही, हा एकच नियम ठेवावा.

पाठांतर करताना सुटे शब्द पाठ करू नका, पूर्ण वाक्य करा. 'मॅरीड' हा शब्द पाठ केला तर 'टू' की 'विथ' हा प्रश्न उरतोच. 'शी इज मॅरीड टू माय ब्रदर' हे वाक्य पाठ केले की तो सुटतो. आणि मराठी वाचन सोडू नका. ज्याला मराठीत चार ओळी मुद्देसूद लिहिता येतात त्याला इंग्रजीत काय म्हणायचे ते ठाऊक असते, कसे म्हणायचे एवढेच शिकायचे उरते.

सावित्रीबाई फुले यांचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ साली निघाला. त्यातही त्यांनी आपल्या लोकांना इंग्रजी शिकायला सांगितले आहे. तेव्हा ज्यांना अक्षराजवळही फिरकू दिले जात नव्हते, त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या दप्तरात आज इंग्रजीचे पुस्तक आहे. ते पुस्तक आता तोंडाने बोलायला लागायला हवे. आज रात्री जेवणे झाली की मुलांना जवळ बसवा आणि पहिले वाक्य त्यांच्याकडून म्हणवून घ्या.